कोपऱ्यातली बाई

सलग सहा दिवस दुपारी सव्वादोनला इनेज तुस्कानोला एक फोन येत होता. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या तिच्या ऑफिसात त्या वेळी लंच ब्रेक संपलेला असे, बाहेर ऑगस्टचं ऊन पांढरंफटक पडलेलं असे आणि टेबलावरचा मोबाइल थरथरू लागे. नंबर इथलाच, पण अनोळखी. ती "हॅलो" म्हणे. पलीकडून फक्त श्वास ऐकू येई. जड, थांबत थांबत घेतलेला. "कोण बोलतंय? अहो, बोला ना!" असं म्हटलं की तो श्वासही थबके, जणू कुणी कान देऊन ऐकतंय. मग फोन बंद.

"ममा, जस्ट ब्लॉक इट. इट्स क्रीपी," तिची मुलगी शेनॉन म्हणाली.

इनेज ब्लॉक करणारच होती. पण सातव्या दिवशी पलीकडून आवाज आला. बाईचा, अगदी हळू, आणि चक्क मराठीत!

"ती म्हणते, तुम्ही बोलत राहा."

"ती कोण?"

"कोपऱ्यातली. आज पुढे सरकलीय. पलंगापाशी आलीय."

फोन तुटला. इनेजच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने घाईघाईने तो नंबर ईमेलमध्ये शोधला आणि एक जुना अर्ज समोर उघडला. जयवंती देवजी वरठा, वय चोवीस, मूळ गाव तलासरीजवळ, सध्या इंटरनॅशनल सिटी. अर्जाच्या वेळी सातवा महिना.

हा अर्ज नाकारल्याचं पत्र इनेजनेच पाठवलं होतं. पत्राखाली तिचं नाव होतं आणि मोबाइल नंबरही.

इनेज दुबईतल्या एका वसई-पालघर मंडळाची सेक्रेटरी. मंडळाकडे सभासदांच्या वर्गणीतला वैद्यकीय मदतनिधी होता. महिन्यापूर्वी मरियमबी हा अर्ज घेऊन आल्या होत्या. मरियमबी श्रीवर्धनच्या, साठी उलटलेल्या. अवघडलेल्या बाईच्या सोबतीला राहायचं, तिच्याबरोबर तपासणीला जायचं, कळा सुरू झाल्या की तिचा हात धरून बसायचं, हे काम त्यांनी कितीतरी वर्षं केलेलं. "पोरगी वारली समाजाची आहे, दिवसभर एकटी असते. नवरा शारजाच्या वर्कशॉपात, पहाटे जातो तो रात्रीच येतो. तिला सोबतीण द्या," त्यांनी विनवलं होतं.

"डिलिव्हरीचा खर्च इन्शुरन्स देतोय ना? मग नुसतं शेजारी बसायचे अठराशे दिरहॅम? बेचाळीस हजार रुपये झाले की!" मंडळाचे अध्यक्ष ॲल्फ्रेड म्हणाले होते. आणि मग हसून, "अहो, या लोकांच्या बायका रानात काम करता करता बाळंत होतात. त्यांना कसली सोबत?"

बैठकीतले सगळे हसले होते. इनेजही हसली होती.

आता तिने मरियमबींना फोन लावला. फोनवरचं बोलणं ऐकताच त्या म्हणाल्या, "बेटा, टॅक्सी कर. मला वाटेत घे. यल्ला, चल लवकर!"

जयवंतीच्या इमारतीचा तिसरा मजला दुपारच्या वेळी ओस पडला होता. लांबलचक पॅसेज, एकसारखे बंद दरवाजे, कुठूनतरी येणारी एसीची घरघर. जयवंतीचा दरवाजा मात्र अर्धवट उघडा होता. आत पडदे ओढलेले. जमिनीवर दोन ताटं वाढलेली. एक जेवलेलं, दुसऱ्यातला भात तसाच वाळलेला. पलंगाला टेकून एक तरुण पोर बसली होती आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहत होती.

"त्या बाजूनं या," ती वळूनही न बघता म्हणाली. "तिला धक्का लागेल."

इनेज दारातच थांबली. मरियमबी मात्र सरळ आत गेल्या, जयवंतीजवळ खाली बसल्या आणि तिची सुजलेली पावलं हातात घेतली. बोटाने दाबलं तर खळगा पडला, तो भरेचना.

"कशी दिसते गं ती?"

"पांढरी. चमकते. कडेनं हलते."

"डोकं दुखतं?"

"फुटतंय."

"आणि इथं, बरगडीखाली?"

जयवंतीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळलं.

"इनेज, ॲम्ब्युलन्स बोलाव!" मरियमबी ओरडल्या. "हे भूत नाही. हिचं प्रेशर चढलंय. डोळ्यांवर आलंय!"

"डॉक्टरांना सांगितलं नाहीस?" इनेजने विचारलं.

"नर्स विचारते, सब ठीक है? मला 'ठीक है' एवढंच बोलता येतं."

ॲम्ब्युलन्समध्ये एकालाच जागा होती. मरियमबी गेल्या. पासपोर्ट आणि हॉस्पिटलची फाइल शोधायला इनेज मागे राहिली.

दार बंद झालं आणि खोलीत ती एकटी उरली. कपाट उघडलं, गादीखाली पाहिलं. फाइल मिळेना. एसी घरघरत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. या एवढ्या मोठ्या इमारतीत एकाही माणसाचा आवाज नाही! तिला वाटलं, आपल्या पाठीमागे कुणीतरी बसलंय. ती वळली. वाळलेला भात, रिकामा कोपरा. पुन्हा कपाटाकडे तोंड केलं आणि मानेवर पुन्हा तीच नजर जाणवली. फाइल हाती लागताच ती पळतच पॅसेजमध्ये आली. भिंतीला टेकून तिने धाप टाकली.

पंधरा मिनिटांत आपली ही गत! आणि या पोरीने आठ महिने काढले! कुणाचातरी मराठी आवाज कानावर पडावा म्हणून ती आपल्याला फोन करत होती, आणि आपण तिला ब्लॉक करायला निघालो होतो!

हॉस्पिटलात प्रेशर एकशे ऐंशीवर गेलेलं निघालं. डॉक्टरांनी लगेच सिझेरियन ठरवलं. मास्क लावलेली माणसं भोवती जमताच जयवंती घाबरून हातपाय झाडू लागली. मरियमबींनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि आता सुई टोचणार, आता पाय जड होतील, आता मुलगी रडेल, असं एकेक त्या तिला सांगत राहिल्या. खरोखरच मुलगी झाली. लहानशी, पण खणखणीत रडणारी. "उद्यापर्यंत थांबला असतात, तर दोघीही हाती लागल्या नसत्या," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या.

तिचा नवरा देवजी वर्कशॉपच्या कपड्यांतच धावत आला होता. "ती बाई दिसते म्हणायची," तो खाली मान घालून म्हणाला. "कुणाला सांगणार? लोक म्हणतील, आदिवासी आहेत, भुतंखेतंच दिसणार यांना."

इनेजला मान वर करवेना.

पुढच्या सभेत तिने घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःचं हसणंही. ॲल्फ्रेड चाचरत म्हणाले, "पण रानात या बायका..."

"रानात ती एकटी नसते, भाई!" मरियमबी ताडकन उठल्या. "तिथं सुईण असते, सासू असते, चार शेजारणी असतात. तिच्या बोलीत तिला विचारणारं माणूस असतं. आपण तिला त्या सगळ्यांतून उचलून चार भिंतींत आणलं आणि म्हणतो, तुला सवय आहे! मशीन प्रेशर मोजतं. पण डोळ्यांपुढे काय दिसतं, हे माणसालाच विचारावं लागतं."

ॲल्फ्रेडनी चष्मा काढून पुसला. मग मागच्या रांगेत बाळाला घेऊन बसलेल्या जयवंतीकडे वळून ते म्हणाले, "बाई, चूक माझी. आम्ही सोबतिणींसाठी वेगळा निधी सुरू करतो. आमच्याकडच्या प्रत्येक आदिवासी घरासाठी, आणि जिला कुणी नाही अशा प्रत्येकीसाठी. कसा असावा, तुम्हीच सांगा."

जयवंती उभी राहिली. इतक्या लोकांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"सोबतीण पहिल्या महिन्यापासून पाठवा," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी नको."

तसाच ठराव झाला.

मित्रहो, अवघडलेल्या बाईजवळ तिची भाषा जाणणारं माणूस असणं ही चैन नव्हे, तो औषधपाण्याइतकाच उपचार आहे. ज्यांना आपण काटक म्हणून एकटं सोडतो, ती माणसं काटक नसतात. त्यांचं दुखणं आपण कधी विचारलेलं नसतं. आपल्या शेजारच्या बंद दारामागे अशी कुणी असेल, तर आजच ते दार ठोठावा.