मान वर बांधलेला घोडा

तारामतीचा दीर भागवत स्वतः उकिरड्याच्या कडेला बसून बिडी ओढायचा, पण त्याचा घोडा तूप-बदाम खायचा. माळेगावच्या जत्रेत घोड्याची मान ताठ दिसावी म्हणून त्यानं ती महिनाभर बांधावरच्या कडुलिंबाच्या फांदीला वर ताणून बांधली होती. खाली मान घालून चरतात ती गाढवं, असं त्याचं मत. तारामतीच्या मते गाढवांना निदान आपलं पोट कुठं आहे ते ठाऊक असतं.

सोयाबीन निघाल्यावर तिनं रान उघडं न ठेवता त्यात ओटचा हिरवा चारा आणि चवळी पेरली होती. मातीवर पांघरूण राहतं, शेळ्या शेंडे खातात, लेंड्या तिथंच पडतात. जमीन मात्र सामाईक, आणि भागवतला तिथं घोडा नाचवायला मैदान हवं होतं. उदगीरचे वीरण्णा घोडा बघून गेले की दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घालतो, असं त्यानं पारावर जाहीर केलं. पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. त्यांना दुसरं कामही नव्हतं.

वीरण्णा आले. घोड्यांतले जाणकार म्हणून अख्खा गाव त्यांच्यामागं बांधावर जमला. हलगी कडाडली. भागवतनं ऐटीत फांदीची दोरी सोडली. घोड्यानं एकदा हलगीकडं पाहिलं, एकदा मालकाकडं, आणि दोघांना वळसा घालून तो थेट ओटात शिरला. मान जी खाली गेली, ती वर येईना. हलगीवाला वाजवत राहिला, घोडा चरत राहिला. भागवतनं लगाम ओढला, चुचकारलं, मूठभर बदाम नाकापुढं धरले. घोड्यानं ते नाकानंच उडवून लावले.

"काय पेरलंय हो भागवतराव हे?" वीरण्णांनी विचारलं. "आमच्या घोड्यांनाबी पेरावं म्हणतो."

भागवतची कानशिलं लाल झाली होती. पण एवढा गाव समोर असताना गप्प बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"खास ह्याच्यासाठीच पेरून घेतलंय," तो छाती काढून म्हणाला. "आता दरसाल पेरणार हाय."

तारामतीनं पदर सावरला.

"हाव, लई हौस भावजींना," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "मंग भावजी, उद्याच्या ट्रॅक्टरवाल्याला काय सांगू?"

"येऊ नको म्हणावं," भागवत पुटपुटला. तो ओटात वाकून सांडलेले बदाम वेचत होता.