नसलेल्या पंजाचे दुखणे

“शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव नकोसा होतो. तुमचा आकडा सांगा, निंबाभाऊ.”

“दोन,” निंबा म्हणाला.

डॉ. नूतन बोरसेंनी दोन लिहिले. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या रोलरमध्ये सापडून निंबाचा उजवा हात कोपराखालून गेला, त्याला दीड वर्ष झाले होते. तरी नसलेल्या पंजाची बोटे कुणी पिळल्यासारखी दुखत, म्हणून तो दर महिन्याला लिंबायत या कामगारवस्तीतल्या धर्मादाय दवाखान्यात येई. बायको धुरपदाबाई शेजारी बसे. आकडा कायम दोन. दोनला गोळी देत. इंजेक्शन पाचच्या पुढे.

नूतन याच वस्तीत वाढलेली, मागावर काम करणाऱ्याची मुलगी. आधी ती भूल देणारी डॉक्टर होती. पस्तिसाव्या वर्षी वेदनाचिकित्सेकडे वळली तेव्हा नातेवाईक म्हणाले, दुखण्याला वेगळा डॉक्टर कशाला लागतो? गेल्या सहा वर्षांत तिने हात किंवा पाय गमावलेल्या दोनशे चौदा कामगारांच्या नोंदी जमवल्या होत्या. त्यांवरून दिसत होते की कष्टकऱ्यांना हे दुखणे पुस्तकात लिहिले आहे त्यापेक्षा बरेच कमी होते. निबंध पुढच्या महिन्यात छापून येणार होता, तिच्या नावाचा पहिलाच. आपली माणसे काटक, हे तिने वडिलांकडे पाहून लहानपणीच ठरवून टाकले होते.

धुरपदाबाई चिठ्ठी घेऊन औषधांच्या रांगेत गेली. निंबाचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. वर तर पंखा फिरत होता. नूतनने पुन्हा विचारले, या वेळी घरच्या बोलीत.

“भाऊ, खरं सांगा. कितलं दुखस?”

त्याने दाराकडे पाहिले. “नऊ.”

“मंग दोन काबरं सांगतस?”

“ती बठेल ऱ्हास ना, ताई. तिना कानवर गयं ते तिना घास उतरस नई.”

नूतनने आकडा खोडला नाही. त्याच्याखाली दुसरा लिहिला.

त्या आठवड्यात तिने जुन्या बारा रुग्णांना बोलावले आणि सोबतच्या माणसाला बाहेर बसवून तोच प्रश्न विचारला. दहा जणांचा आकडा दुपटीच्या वर गेला. जुने फॉर्म काढून पाहिले, तर विचारताना शेजारी कोण होते याची नोंदच नव्हती. तो रकाना ठेवायचे तिला सुचले नव्हते.

तिने बडोद्याला आपल्या गुरूंना, डॉ. भूपेंद्रभाईंना, फोन केला. शेवटी ही त्रुटी सांगणारी एक ओळ टाकून छापू दे, असे ते म्हणाले. निबंधच मागे घेते, असे ती म्हणाली.

“नूतनबेन, छ वरस जशे.”

“हो सर, सहा वर्षं जातील.”

संध्याकाळी तिने निबंध मागे घेतल्याचे पत्र पाठवले. मग घरी जाऊन भाजी चिरली.

सोमवारी निंबाला खांद्यापाशी इंजेक्शन दिले. नूतन बाहेर आली तेव्हा धुरपदाबाई दाराला टेकून उभी होती.

“माले बी तो दोनच सांगस,” ती हळूच म्हणाली. “पन टावेलना कोपरा चावी चावी फाडी टाकस. मी दुसरा देस. काही बोलस नई.”

 नूतनने आत पाहिले तर निंबा टेबलावर आडवा, तोंड उघडे टाकून झोपला होता. सकाळचे अकरा वाजले होते. बाकांवर वीसेक माणसे थांबली होती आणि पुढच्या रुग्णाला तेच टेबल हवे होते.

“उठाडू का त्याले?” धुरपदाबाईने विचारले.

“राहू द्या.”

नूतनने फाइलींचा गठ्ठा उचलला आणि पुढचे रुग्ण तपासायला व्हरांड्यात खुर्ची टाकली. धुरपदाबाई दारातच खाली बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हाताने खुणावत होती, चप्पल वाजवू नका.