आठ कोअरची चिप

आमच्या चिपमध्ये आठ कोअर, म्हणजे हिशेब करणारे आठ मेंदू. मेमरी मात्र एकच, आणि तीही लांब. त्यामुळे आठही जण हातावर हात ठेवून माहितीची वाट बघत बसायचे. साहेब म्हणाले, "प्रत्येकाला माहितीची नक्कल जवळच देऊन टाका. हेलपाटे वाचतील."

दिली. हेलपाटे वाचले, पण नवंच झेंगट मागे लागलं. एकाने आपली नक्कल बदलली की बाकी सातांना कळवायचं आणि त्या सातांनी आपापली जुनी टाकून द्यायची. आता सगळे एकमेकांना कळवण्यातच गुंतलेले. आमच्या ऑफिसात तरी वेगळं काय चालतं? आम्ही आठ इंजिनिअर सकाळी मीटिंगला बसतो ते जेवायलाच उठतो.

शेवटी वैतागून मी सात कोअर बंद करून पाहिले. उरलेल्या एकाने तेच काम निम्म्या वेळात मुकाट्याने उरकलं.

साहेबांनी ते आकडे वाचले. मग चष्मा काढून आम्हा आठ जणांकडे एकेक करून पाहिलं.

आम्ही तडक मीटिंग बोलावली आणि एकमताने ठरवलं की चाचणीच चुकली होती, कोअर सोळा हवेत.