सुवार्ताच्या लेकीची आंघोळ

सुवार्ताला मुलगी झाली, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा दीना नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातून नुकतीच घरी येऊन कणीक मळत होती. सुवार्ता तिची सख्खी धाकटी बहीण. "बरं झालं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. त्या दिवशी तिच्या पोळ्या करपल्या, आणि नवरा शांतवननं त्या तशाच खाल्ल्या.

दोघी बहिणी सहा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत दीनानं आपल्या चार वर्षांच्या मुलाला, योएलला, नांदगावला आजीकडे ठेवलं होतं. मावशीचं लग्न व्हायचं होतं, ती घरीच असायची, आणि योएल दिवसभर तिच्या ओढणीला धरून फिरायचा. एका सकाळी पाण्याचा टँकर येऊन गेला. सुवार्तानं अंगणातल्या हौदातून दोन बादल्या भरल्या. तेवढ्यात आत दूध उतू जायला लागलं म्हणून ती धावली, आणि हौदावरचं झाकण तसंच राहिलं. ती परत बाहेर आली तेव्हा पाण्यावर नुसता चेंडू तरंगत होता.

योएलच्या मातीच्या दिवशी, सगळी मंडळी उभी असताना, दीना बहिणीला म्हणाली होती, "तुझी कूस कधी उजवू नये! मग कळेल तुला." बायकांनी तिला धरून बाजूला नेलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. पुढे सुवार्ताचं लग्न झालं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. पहिल्यांदा आईनं ते कळवलं तेव्हा दीनाला क्षणभर बरं वाटलं होतं. मग स्वतःचीच इतकी किळस आली की ते तिनं शांतवनलाही कधी सांगितलं नाही.

दर रविवारी ती चर्चला जायची. प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणत. इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की तिचे ओठ मिटत. शांतवनला ते ठाऊक होतं. तेवढी ओळ तो जरा मोठ्यानं म्हणायचा, दोघांच्या वाटची असावी तशी.

आठवड्याभरानं आईचा पुन्हा फोन आला.

"दीना, तू ये गं. सुवार्ता पोरीला आंघोळ घालू देत नाय. मला बी नाय, न्हाऊ घालणाऱ्या बाईला बी नाय. पाण्याची बादली आत आणली की लटलट कापती. नुसतं ओल्या फडक्यानं पुसून घेती. खात नाय, झोपत नाय. म्हणती, ताई बोलली होती, आता देव ही पण नेणार."

त्या रविवारी उपासना संपून सगळे बाहेर पडले तरी ती बाकावरून उठेना. म्हातारे पाळकसाहेब दिवे मालवत आले आणि तिच्या शेजारी टेकले.

"साहेब, मी बहिणीला शाप दिला होता."

"आठवतं मला."

"तो लागला का तिला?"

"आपल्या रागाचं ऐकून देव कुणाचं पोर उचलत नाही, दीनाबाई. पण तिला तसं वाटतंय. आणि ते तुमच्याशिवाय कुणी सांगून तिला पटायचं नाही."

"पण मी तिला माफ केलेलं नाही. तिथं जाऊन खोटं कसं बोलू?"

पाळकसाहेबांनी हातातला चष्मा पुसला. "खोटं बोलू नका. जेवढं खरं असेल तेवढंच बोला. कमी पडेल ते प्रभूपाशी मागा. त्याला वधस्तंभावर खिळलं, तिथूनही त्यानं माफ केलं. त्याच्यापाशी आहे ते. आपल्यापाशी नसतं, म्हणून तर मागायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि नाशिकरोडहून नांदगावची गाडी धरली. खिडकीशी बसून ती मनात एकच म्हणत राहिली, 'प्रभू, माझ्यापाशी नाही. तू दे.'

अंगणातला हौद आईनं केव्हाच बुजवला होता. तिथं आता जास्वंदी वाढली होती. दीना तिथं क्षणभर थांबली. मग आत गेली.

खोलीत सुवार्ता खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. दीनाला बघताच तिनं दुपट्यातली लेक छातीशी घट्ट धरली.

"ताई, मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त हिला नेऊ नको म्हण देवाला."

दीना खाटेजवळ खाली फरशीवर बसली.

"सुवार्ता, मी बोलले ते माझं पाप होतं. देवाचं त्यात काही नव्हतं. तुझा पहिला गर्भ पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं, इतकी वाईट झाले होते मी. मला माफ कर."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल सुवार्ताला कुणी बोलूच दिलं नव्हतं. विषय निघाला की आई रडायची, नवरा म्हणायचा झालं गेलं सोड.

"झाकण मी उघडं टाकलं, ताई."

"माहीत आहे."

"दूध उतू जात होतं. दुधासाठी गेले गं मी. दुधासाठी!"

तिनं हंबरडा फोडला. आणि दीनाला एकदम ती धावणारी मुलगी दिसली. कोवळी, भाबडी, हात ओले, दूध उतू जाऊ नये म्हणून पळणारी. दीना स्वतःही अशीच शंभर वेळा धावली होती, दारं उघडी टाकून. तिच्या दारातून कधी काही गेलं नव्हतं, एवढंच.

"मी तुला माफ केलं," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की हे खोटं नाही. सगळं दुःख कुठं गेलं नव्हतं. पण त्या शब्दांखाली पाय ठेवायला जागा होती.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "आई, पाणी तापव. तेल आण."

"नको, ताई!"

"तू माझ्यासमोर बस. थांब म्हणालीस की थांबेन."

न्हाणीत दीना पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून तिनं पाय लांब केले आणि बाळाला पालथं पायांवर घेतलं. तेल चोळताना तिचे हात सगळं आपोआप करत होते; योएलच्या अंगावरून फिरायचे तसेच. तिनं पहिला तांब्या उचलला.

"थांब!" सुवार्ता ओरडली.

दीना थांबली. पाणी निवत आलं, तिनं आईकडून वर गरम पाणी घालून घेतलं. घाई केली नाही. अखेर सुवार्ताच डोळे मिटून म्हणाली, "घाल."

पोरगी टाहो फोडून रडली, आणि मग ऊन पाण्याची धार पाठीवर लागताच हळूहळू गप्प झाली. सुवार्तानं डोळे उघडले. लेक एका मुठीनं मावशीचं लुगडं धरून शांत पडली होती. सुवार्ता गुडघ्यांवर पुढं सरकली, तिनं दीनाच्या हातातून तांब्या घेतला, आणि शेवटचं पाणी स्वतः घातलं.

संध्याकाळी बाळ झोपलं आणि सुवार्ताही पोटभर भाकरी खाऊन झोपली. दीनानं शांतवनला फोन लावला.

"अहो, मी दोन-तीन दिवस राहते इथं."

"राहा की. बोललात का काही?"

"बोललो. योएल कोंबड्यांना भाकरी खाऊ घालायचा आणि मग त्या मागं लागल्या की मावशीला हाक मारायचा, ते सांगत होती ती. मला माहीतच नव्हतं ते." दीनानं पदरानं डोळे टिपले. "हसलो आम्ही."

पलीकडे शांतवन रडतोय, हे तिला ऐकू येत होतं, आणि ती फोन कानाशी धरून त्याच्यासोबत बसून राहिली.