रोगणावरची पाच बोटे

काळ: तैशो राजवटीचे तिसरे वर्ष (इ.स. १९१४), डिसेंबरचा आरंभ. स्थळ: जपानच्या नोतो किनाऱ्यावरील वाजिमा गाव, गिसाबुरो रोगणकाराचे घर.

रोगण वाळते असे लोक म्हणतात. ते चूक आहे. झाडाचा तो चीक उन्हावाऱ्याने घट्ट होत नाही, त्याला ओल लागते. म्हणूनच आमच्याकडे रोगण चढवलेले लाकडी वाडगे ओलावलेल्या फळ्यांच्या बंद कपाटात ठेवतात. त्याचा वैरी एकच, खेकडा. खेकड्याचा रस लागला की रोगण चिकटच राहते. त्यामुळे हिवाळ्यात सारे गाव खेकड्यांवर ताव मारत असले, तरी रोगणकाराच्या उंबऱ्याआत खेकडा येत नाही.

नुई या घरची नवी सून, कोळीवस्तीतून आलेली. नवरा माल विकायला परप्रांती गेला होता. तिच्या वाट्याला घोटकाम आले: रोगणाचा पुढचा थर चढण्याआधी ओल्या दगडाने वाडगा घासून गुळगुळीत करणे. थोड्याच दिवसांत तिच्या हातांवर रोगण उतले; कातडी सुजून चट्टे उठले. कातडी एक तर रोगण पचवते, नाहीतर कधीच पचवत नाही. नवऱ्याच्या पहिल्या बायकोला ते पचले नाही आणि तिला माहेरी धाडण्यात आले, हे सासू तोमे येताजाता ऐकवी.

"कोळ्याची पोर म्हणजे मासोळी," ती म्हणे. "पाण्याबाहेर किती टिकते ते बघू."

नुई बाह्या मनगटापर्यंत ओढून काम करी. अखेर तिने आईकडून बांबूच्या नळीत खेकड्याचा रस मागवला. उतलेल्या रोगणावर दुसरे औषध नव्हते. बंदी तिला ठाऊक होती; परंतु रस कातडीला लागणार, वाडग्याला नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली. पहाटे विहिरीपाशी ती तो चोळी आणि राखेने हात धुई.

देवळाच्या भोजनासाठी केलेल्या तांबड्या वाडग्यांचे कपाट एके दिवशी उघडले. सारे वाडगे कडक, झळझळीत होते. एकाच्या पोटावर मात्र पाच मंद, ओलसर खुणा होत्या.

नुईचा सासरा गिसाबुरो याने तो वाडगा नाकाशी धरला; खेकड्याचा वास आला. मग बायकोला दार लावायला सांगितले.

"हात पुढे कर, सूनबाई."

नुईने हात पुढे केला. सासऱ्याने वाडगा न टेकवता तिच्या पंजाखाली धरला. पाचही खुणा तिच्या बोटांशी तंतोतंत जुळल्या.

"हिचीही बोचकी बांधते," तोमे म्हणाली.

"सांगितलं का नाहीस?" त्याने विचारले.

"परत धाडाल म्हणून, मामंजी."

त्याने तिची बाही कोपरापर्यंत सरकवली आणि उजेडाकडे वळवून हात न्याहाळला. एकेका चट्ट्यावर अंगठा दाबून तो थांबे.  पहिल्या सुनेचा हातही याच खिडकीशी असाच तपासला गेला होता, हे नुईने ऐकले होते. नुईच्या मनगटाशी मात्र सूज उतरली होती. खपलीखाली नवी, कोरडी कातडी दिसत होती; रोगण पचू लागले होते.

त्याने हात सोडला आणि वाडगा तोमेपुढे ठेवला.

"हा खरवडून पुन्हा होईल. सून राहील. खेकडा राहणार नाही."