सासऱ्यांचे बत्तीस सेकंद

लॅबमध्ये रक्त किती वेळात गोठतं ते मोजणारं मशीन होतं, आणि मशीन बरोबर मोजतंय का हे ठरवायला सासरे होते. सुनेची लॅब तळमजल्यावर, सासरे पहिल्यावर. दर सोमवारी ते बाही सरसावून खाली येत, सून रक्त काढी, मशीन ‘बत्तीस सेकंद’ दाखवी आणि मग पेशंटांची पाळी. “अख्ख्या गावाचं नॉर्मल माझ्यावरून ठरतं,” असं ते भेटेल त्याला ऐकवत.

त्या सोमवारी आकडा आला एक्क्याऐंशी.

“मशीन गेलं,” सासरे म्हणाले. सुनेलाही तेच वाटलं. सासरे बिघडू शकतात ही सोय तिच्या कामात नव्हतीच. तिने रसायन बदललं, नळ्या बदलल्या, मेकॅनिक बोलावला. त्याने मशीन उलटंपालटं केलं आणि वैतागून स्वतःचा हात पुढे केला. एकतीस.

दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

“चाळीस वर्षं सांगतेय,” दारातून सासूबाई म्हणाल्या, “हा माणूस नॉर्मल नाही. यंत्राला आत्ता कळलं!”

सुनेने त्यांची दुसरी बाही वर केली. मागच्या सोमवारच्या सुईचा डाग दंडापर्यंत जांभळा पसरला होता.

“बाबा, हे काय?”

“दार लागलं.”

“सुईच्या जागी?”

तिने त्यांच्या रक्तातला पिवळा द्रव स्वतःच्या द्रवात निम्मानिम्मा मिसळला आणि दोन तास उबेत ठेवला. रक्त गोठवणाऱ्या घटकाची नुसती कमतरता असती तर तिच्या हिश्शाने भरून निघाली असती. आकडा सत्तर! म्हणजे सासऱ्यांचं रक्त सुनेचंही बिघडवत होतं. तिने चप्पलही न घालता त्यांना डॉक्टरांकडे ओढत नेलं.

“शरीरच रक्त गोठवणाऱ्या घटकावर उलटलंय. दहा लाखांत एखाद्याला होतं हे,” डॉक्टर खुर्चीतून उठलेच. “कधीकधी यामागे कॅन्सर दडून बसलेला असतो. शोधू या.”

सापडला! मूत्रपिंडावर बोराएवढी गाठ, कुठेही न पसरलेली. आधी औषधांनी रक्त ताळ्यावर आणलं, मग गाठ काढली. तोवर नॉर्मलची गादी मेकॅनिककडे होती आणि सासऱ्यांना ऑपरेशनपेक्षा तेच जास्त दुखत होतं.

तीन महिन्यांनी सोमवारी ते खाली उतरले. पडद्यावर आकडे पळू लागले. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. तीस... एकतीस... बत्तीस... टिंग! तेहतीस.

सून उडी मारून ओरडली, “नॉर्मल! बाबा, नॉर्मल!”

सासऱ्यांनी शांतपणे बाही खाली केली.

“एक सेकंद जास्त दाखवतंय. बोलव मेकॅनिकला.”