उशी ओली, केस कोरडे

दवाखान्यात डॉक्टर आत बसतात, पण आत कोणी जायचं हे बाहेरची बाई ठरवते, हे त्या भागातल्या लहानथोरांना पाठ होतं. बाहेरची बाई म्हणजे फोन आणि नंबरांची वही घेऊन टेबलामागे बसणारी. अकरा वर्षं एकाच खुर्चीत काढल्यामुळे लोक तिला पाठीमागे 'अर्धी डॉक्टर' म्हणायचे. तोंडावर मात्र 'ताई', कारण नंबर तिच्या हातात होता.

तिचे पाच प्रश्न होते. ताप किती? पाणी पितं का? लघवीला जातं का? श्वासाला त्रास होतो का? तीन दिवस झाले का? डॉक्टरांनी कधीतरी एका कागदावर लिहून दिले होते आणि तो कागद टेबलाच्या काचेखाली पिवळा पडला होता. त्याच्या तळाशी लाल शाईत एक ओळ होती: लाळ गळत असेल तर विचारत बसू नका, थेट इस्पितळ. अकरा वर्षांत ती ओळ दोनदाच कामाला आली होती. बाकी घसा दुखतो म्हणून फोन करणाऱ्या दहांतल्या आठांना ती पाच प्रश्नांत घरच्या घरी बरं करायची. "कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, भरपूर आराम, तीन दिवसांत उतरलं नाही तर या." ते आठही जण खरंच बरे व्हायचे, त्यामुळे बाई जरा हवेतच असायची.

तिची मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणत, कारण एका जागी म्हणून ती ठरत नसे आणि तोंडाचा पट्टा तर झोपेतही चालू. शाळा सुटली की मुंगी दवाखान्यातल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची, म्हणजे आईचे फोन ऐकायची. घरी तिचा आवडता खेळ एकच. बाहुल्यांना ओळीने बसवायचं, पाच प्रश्न विचारायचे आणि शेवटी आईच्याच सुरात सांगायचं, "शहाणी आहेस. यायची गरज नाही."

शनिवारी मुंगीचा घसा दुखायला लागला. रविवारी ताप चढला. सोमवारी सकाळी तिला न्यावं की नको, यावर बाईने दात घासता घासता विचार केला आणि तीन दिवस अजून झालेले नाहीत असा निकाल दिला. खरं कारण निराळं होतं, आणि ते तिला स्वतःलाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सर्दीत तिने मुंगीला मधेच आत घुसवलं होतं. तेव्हा बाकावरचे एक जाडजूड गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!" बाकावरची माणसं हसली होती. आत डॉक्टरांनीही मुंगीला तपासून "नुसती सर्दी आहे हो" म्हटलं होतं. त्या दिवशी कानापर्यंत लाल झालेल्या बाईने ठरवून टाकलं, आपली पोरगी सगळ्यांत शेवटी.

नवरा कामासाठी चार दिवस बाहेरगावी होता. घरी सासरे होते. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस, सांगितलेलं काम तंतोतंत करायचा. बाईने त्यांना पाच प्रश्न लिहून दिले. "बाबा, तासातासाला विचारा आणि मला कळवा." सासऱ्यांनी खिशातली छोटी वही काढून रकाने आखायला घेतले.

सोमवार म्हणजे दवाखान्यात जत्रा. साडेनऊलाच बाकावर जागा उरली नव्हती. दोन वर्षांपूर्वीचे ते जाडजूड गृहस्थही आज गुडघा धरून चौदाव्या नंबरावर बसले होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघून सुस्कारे सोडत होते. पावणेदहाला सासऱ्यांचा फोन आला.

"ताप एकशे एक. पाणी प्यायली. लघवीला जाऊन आली. श्वास ठीक."

"छान. झोपू द्या तिला."

पावणेअकराला पुन्हा. "ताप एकशे दोन. पाण्याचा दुसरा ग्लास संपवला. बाकी ठीक. फक्त सूनबाई, बोलत नाही गं फारशी."

"घसा दुखत असेल ना. द्या बरं तिला फोन."

समोर एक म्हातारे गृहस्थ नंबरासाठी वाकून उभे होते. बाईने फोन खांद्यात धरून त्यांचं नाव लिहायला घेतलं. "मुंगे, पाणी पितेस ना?"

"हो."

"लघवीला..."

"हो."

"श्वास..."

"नाही."

"शहाणी माझी," बाई म्हणाली आणि फोन ठेवला. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं, हे तिला खटकायला हवं होतं. जी पोर साधी पेन्सिल हरवली तरी अर्धा तास सांगत बसते, ती आज एकेका शब्दावर आली, हेही खटकायला हवं होतं. पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी टवकारलेले तिचे कान आपल्या मुलीच्या वेळी बंद होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

साडेअकराला तिसरा फोन आला. सासऱ्यांचा आवाज हलका झाला होता.

"सूनबाई, आनंदाची बातमी. घाम फुटला! उशी चिंब भिजलीय. आता ताप उतरणार बघ."

"वा! मोजलात का?"

"मोजला. अजून एकशे दोनच आहे. पण एवढा घाम आलाय म्हणजे..."

"कपाळ पुसून घ्या कोरड्या फडक्याने. वारं लागायला नको."

"कपाळ कोरडंच आहे गं."

बाई एकोणिसावा नंबर लिहीत होती. एक लिहून झाला होता, नऊ राहिला. "आणि केस?"

"थांब, बघून सांगतो." चपलांचा आवाज लांब गेला, परत आला. सासरे माणूस चोख, जे पाहिलं तेच बोलणार. "केस कोरडे. मान कोरडी. उशी तेवढी ओली आहे. तोंडाकडची बाजू."

काचेखालची लाल ओळ बाईच्या हाताखालीच होती. ती तिने वाचली नाही. वाचायची गरज नव्हती. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाबा, पाणी ती तुमच्यासमोर प्यायली का?"

सासरे हळूच म्हणाले, "ग्लास रिकामा होता. प्यायलीस का विचारलं तर हो म्हणाली. मी लिहिलं."

"फोन तिच्या तोंडाशी धरा. मुंगे, ऐकतेस? सतराचा पाढा म्हण."

सतराचा पाढा म्हणजे मुंगीची शान होती. पाहुणे आले की न सांगता सुरू व्हायची. फोनमधून आधी घरघर आली. मग आवाज आला, पण तो मुंगीचा नव्हता. तोंडात कढत घास धरून कोणी बोलावं तसा जाड, गिळगिळीत आवाज. "सतरा... एके..." एवढंच. पुढे नुसतं हुं हुं.

"तोंडच उघडत नाहीये गं नीट," सासरे घाबरून म्हणाले. "थांब, भिंग लावून बघतो आत. चमच्याने जीभ दाबतो..."

"नको! काही घालू नका घशात! हात लावू नका!"

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. बाई उठली आणि अकरा वर्षांत जे तिने एकदाही केलं नव्हतं ते केलं. आत पेशंट असताना दार न वाजवता उघडलं.

"माझ्या मुलीची लाळ गळतेय. आवाज जाड झालाय. तोंड उघडत नाही."

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. एकही प्रश्न विचारला नाही. "इथे आणू नका. थेट मोठ्या इस्पितळात न्या. आडवी करू नका, तिला बरं वाटेल तशी बसवा. पाणी नाही, औषध नाही. मी फोन करून ठेवतो. पळा."

पळायचं म्हणजे कशाने? बाहेर येऊन ती पर्समध्ये उगाच चाचपत राहिली. टॅक्सी मिळायला वीस मिनिटं, घर दहा मिनिटांवर, तिथून इस्पितळ पंधरा. तिच्याने बेरीजही होईना.

"माझी गाडी खाली आहे," कोणीतरी म्हणालं. चौदा नंबरवाले जाडजूड गृहस्थ गुडघा सावरत उभे राहिले होते. "चला. माझा नंबर आता कोण पुकारणार, तुम्हीच नाही तर?"

रस्ताभर ती फोन कानाला लावून होती. सासरे मिनिटामिनिटाला सांगत होते. बसवलीय. टॉवेल दिलाय तोंडाशी. श्वास घेतेय. घेतेय. घेतेय. एका सिग्नलला फोन कट झाला. पुन्हा लागेपर्यंत बाईने जगातल्या सगळ्या देवांना एकेक करून हाक मारली आणि त्या जाडजूड माणसाने सिग्नल तोडला.

मुंगी खुर्चीत पुढे वाकून बसली होती, हनुवटी वर काढून. टॉवेल लाळेने भिजला होता. डोळे मोठे झाले होते आणि आई दिसताच ते पाण्याने भरले. तिला उचलताना बाईची नजर खिडकीकडे गेली. कट्ट्यावरच्या कुंडीतलं पाणी बशीतून ओसंडून भिंतीवरून ओघळत होतं. सगळे ग्लास तिथे गेले होते.

इस्पितळात तिला लगेच आत घेतलं. घशात एका बाजूला मोठं गळू झालं होतं. ते फोडून पू काढावा लागला. तो पाऊण तास बाई आणि सासरे बाहेरच्या बाकावर बसून होते. सासऱ्यांनी खिशातली वही काढली, उघडली, आणि पान न बघताच मिटून ठेवली. तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "धोका टळलाय. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. वेळेत ओळखलंत." ते 'वेळेत' बाईला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

संध्याकाळी मुंगी उशांना टेकून बसली. हाताला सलाइन, ओठ सुकलेले. आवाज फाटका होता, पण तिचाच होता.

"आई, माझी सगळी उत्तरं बरोबर होती ना?"

"कुठली गं?"

"पाच. यायची गरज नाही, त्याची."

बाईने तोंड खिडकीकडे फिरवलं. मुंगीला वाटलं, आई रागावली. ती घाईने सांगायला लागली, मधेच थांबत, गिळताना तोंड वाकडं करत. "सोमवारी गर्दी असते ना तुला. उत्तरं चुकली असती तर तुला उठायला लागलं असतं. मग ते लोक पुन्हा हसले असते."

दोन वर्षांपूर्वी सात वर्षांची पोर आईचं बोट धरून त्या बाकासमोरून गेली होती, आणि आईचे लाल झालेले कान तिने खालून पाहिले होते, हे बाईला आत्ता कळत होतं. तिने मुंगीचा सलाइन नसलेला हात तोंडाशी धरला आणि ती रडली, वॉर्डातली माणसं बघत असताना, त्यांची पर्वा न करता. "हसू देत," ती म्हणाली. "कोणी कितीही हसू देत. मी उठेन. दर वेळी उठेन."

नर्स ग्लास ठेवून गेली. थोडं थोडं प्यायला हरकत नाही म्हणाली. बाईने ग्लास मुंगीच्या ओठांना लावला. पलीकडून सासरे खुर्ची ओढत जवळ आले, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि नातीच्या गळ्याकडे असं टक लावून बघायला लागले की मुंगीला हसू फुटलं आणि हसताना दुखलं. मग तिने डोळे मिटले. गळा वर गेला, खाली आला. पाणी आत गेलं होतं.

सासऱ्यांनी वही उघडली. सकाळचे दोन्ही 'प्यायली' त्यांनी एकेका रेघेने खोडले आणि खाली नवी ओळ लिहिली. सहा वाजून वीस मिनिटे. एक घोट. स्वतः पाहिला.